मोज्यांचं कापड

तैवानमधल्या तैपेईत उन्हाळ्यात बांबूचे चांगले कोंब हवे असतील तर मंडईत लवकर जावं लागतं, सातनंतर गेलात तर उरलेसुरले पदरात पडतात, हे मला खालच्या मजल्यावरच्या आजींनी शिकवलं. लू-चू-सुन म्हणतात त्याला, हिरव्या बांबूचा कोंब. घेताना बैलाच्या शिंगासारखा बाक असलेला घ्यायचा, आणि टोकाला हिरवी झाक असेल तर खाली ठेवायचा, कारण मातीतून डोकं वर काढून त्याने ऊन खाल्लं की तो कडू होतो. सालीसकट उकडायचा, त्याच पाण्यात गार होऊ द्यायचा, मग सोलून फोडी करून वर गोडसर मेयोनीज. मेयोनीज म्हटल्यावर मी नाक मुरडलं होतं, आणि पहिली फोड तोंडात गेल्यावर गप्प बसले. पेअरसारखा गोड आणि रसाळ लागतो हो!

तर एकदा काय झालं, एक कोंब मी उकडायच्या आधीच उभा चिरला, सहज, आत कसा दिसतो म्हणून. आत पेरंच पेरं. वीतभर कोंबात एकावर एक रचलेली, खाली थोडी सुटी आणि वर इतकी दाट की शेवटी शेवटी मोजता येईनात. म्हणजे पुढे जो काही वीस-पंचवीस फूट बांबू होणार होता त्याची सगळी पेरं आधीपासूनच आत होती, आता फक्त ती एकेक करून ताणली जाणार होती, दुर्बिणीची नळकांडी बाहेर ओढावीत तशी. बांबू जाडीला वाढत नाही, नवीन पेरंही धरत नाही, कोंबात जेवढी तेवढीच. हे मला माहीत नव्हतं असं नाही, शाळेत कधीतरी वाचलेलं असणार. पण विळी-सुरीखाली बघणं वेगळं.

आणि मला एकदम लाओशींचं वाक्य आठवलं. लाओशी म्हणजे आमच्या शाईचित्रांच्या क्लासच्या बाई. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या की बांबू उगवतो तेव्हा बोटभरच असतो पण पेरं-पानं सगळी आत असतात, आणि तुम्ही लोक मात्र पेराला पेर जोडत बसता. तेव्हा मला वाटलं होतं बाई सुविचार सांगतायत. चार महिन्यांनी स्वयंपाकघरात कळलं की ते वनस्पतीचं वर्णन होतं.

क्लासची गोष्ट आधी सांगायला हवी होती, असो. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षं तिथे होतो. मला चिनी जेमतेम तीनशे शब्द येत होते, त्यातले निम्मे भाज्यांचे. घरी बसून वेड लागेल म्हणून गल्लीपलीकडच्या क्लासला नाव घातलं, तिथे सगळ्या रिटायर्ड बायका, डबे घेऊन येणाऱ्या, एकमेकींच्या सुनांबद्दल बोलणाऱ्या (हे भाषा न येताही कळतं). आणि विषय बांबू. वर्षभर बांबू. मी म्हटलं वर्षभर एकच झाड काय काढायचं? आता वाटतं वर्ष फारच कमी होतं.

पहिले काही तास तर फक्त शाई उगाळली. दगडावर दोन-चार थेंब पाणी घालायचं आणि शाईची कांडी सरळ धरून गोल गोल, जोर न लावता, सहाणेवर चंदन उगाळतो ना अगदी तसं. चीडाच्या नाहीतर तेलाच्या दिव्याच्या काजळीत सरस घालून ही कांडी करतात, आणि सरसाचा वास मारायला तिच्यात कापूर घालायची जुनी पद्धत आहे, साधा नाही, आपण ज्याला भीमसेनी म्हणतो तो. त्यामुळे तैपेईच्या त्या ट्यूबलाईटच्या खोलीत मी डोळे मिटले की थेट आजोळच्या देवघरात. शेजारची बाई मला हलवून म्हणायची, झोपलीस का?

सरावाचा कागद पिवळसर, स्वस्तातला, माओ-प्यान नावाचा. तो बांबूच्याच लगद्याचा करतात. ब्रशची दांडी बांबूची. म्हणजे बांबूच्या दांडीने बांबूच्या कागदावर बांबू, आणि तरी जे उमटायचं ते काहीही असायचं, बांबू सोडून. चांगला श्वान कागद, जो आन्ह्वेई प्रांतातल्या चिंग परगण्यात एका विशिष्ट झाडाची साल आणि भाताचा पेंढा मिसळून करतात, तो लाओशींनी आम्हाला सहा महिने हातच लावू दिला नाही. बरोबरच होतं. तो कागद शाई अशी पितो की ब्रश एक क्षण जास्त टेकला तर तिथे गोळा होतो, आणि खोडरबर-बिबर काही नाही. चुकलं की चुकलं.

खोडाची रेघ अशी: ब्रश टेकवा, थोडा दाबा, वर सरकवा, थांबा, पुन्हा थोडा दाबा, उचला. एक पेर झालं. मग नखभर जागा कोरी सोडा आणि पुढचं पेर. खालची पेरं आखूड, मधली लांब, वर पुन्हा आखूड. शाई अर्धवट वाळली की त्या कोऱ्या फटीवर गडद शाईचा एक छोटा, हुकासारखा आकडा, आणि मगच ते खोड खोड वाटायला लागतं. हा आकडा ज्या दिवशी नीट पडला त्या दिवशी मी घरी फोन केला होता. आईने विचारलं, बाकी सगळं ठीक ना?

पानांनी मात्र रडवलं. एक पान म्हणजे एकच फटकारा, दाबत जायचं आणि हलकेच उचलत निसटायचं, शेपटी बारीक यायला पाहिजे. पानं कशी नसावीत याची यादी ली खान नावाच्या माणसाने तेराव्या शतकाच्या शेवटी करून ठेवली आहे. हा ली खान सरकारी कामानिमित्त पार व्हिएतनामपर्यंत गेला आणि जाईल तिथे बांबू बघत, नोंदवत फिरला, अख्खा ग्रंथ लिहिला. त्याची यादी: पान जाडं होऊन पीचच्या पानासारखं दिसू नये, बारीक होऊन विलोसारखं दिसू नये, एकटं नको, दोन समांतर नकोत, काट्यासारखी फुली नको, विहिरीच्या चौकटीसारखी जाळी नको, हाताच्या बोटांसारखी नकोत, चतुरासारखी नकोत. मी सगळे गुन्हे केले. माझी पानं तर यादीबाहेरचीही असायची, आंब्याच्या टाळ्यासारखी, दारावर तोरण बांधावं इतकी मंगल. लाओशी लाल शाईचा ब्रश घेऊन फिरायच्या आणि आख्ख्या कागदावर जे एखादं पान जमलं असेल त्याभोवती लाल गोल काढायच्या. चुकलेल्याला काही नाही, जमलेल्याला गोल. माझ्या कागदावर बहुतेक वेळा त्या नुसत्या उभ्या राहून "हं" म्हणायच्या आणि पुढे जायच्या.

चिनीत बांबू "काढत" नाहीत, "लिहितात". चाओ मंगफू म्हणून मोठा चित्रकार होऊन गेला (1254–1322), त्याने एका चित्रावर कवितेतच लिहून ठेवलंय की बांबू काढायचा तर अक्षरं वळवायच्या आठही तऱ्हा यायला हव्यात, लिहिणं आणि काढणं मुळात एकच. त्याची बायको क्वान ताओशंग हीसुद्धा बांबूंसाठी प्रसिद्ध होती, 1308 सालचं तिचं धुक्यापावसातल्या बांबूंचं चित्र तैपेईच्याच संग्रहालयात आहे. हे "लिहिणं" ऐकून मला फार नवल वाटलं नाही खरं तर, आपल्याकडेही लिख् धातू मुळात ओरखडण्याचा-रेखण्याचाच, चित्रलेखा हे नाव उगीच नाही पडलं. नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. चिनीत बांबूच्या पेराच्या गाठीला च्ये म्हणतात, आणि सणालाही च्ये, आणि सचोटीलाही च्येच. लाओशी हे अगदी आमचीच भाषा अशी म्हणून कौतुकाने सांगत होत्या आणि मी मोडक्यातोडक्या भाषेत सांगायला गेले की आमच्याकडेही पर्व म्हणजे उसाबांबूचं पेर आणि पर्व म्हणजे सणाचा दिवस, आणि वंश म्हणजे कूळ आणि वंश म्हणजे बांबू. आणि बोटाच्या कांड्यालाही पेरच. त्यांनी माझं बोट हातात धरून तीन पेरं मोजली आणि म्हणाल्या, मग ब्रश इथून का धरत नाहीस?

आता मूळ मुद्द्यावर येते. चिनीत एक म्हण आहे, छातीत आख्खा बांबू असणं. अर्थ असा की काम हाती घेण्याआधीच सगळं मनात पक्कं असणं. ऑफिसात, परीक्षेत, मॅचवर बोलताना कुठेही वापरतात. ही म्हण जिथून आली तो एक छोटासा लेख आहे, सू शीचा, म्हणजे जुना चिनी कवी सू तुंग-पोचा, 1079 सालचा. लाओशींनी तो आमच्याकडून तीन आठवडे वाचून घेतला, मी इंग्रजी भाषांतर शेजारी ठेवून वाचला. मला वाटलं होतं कलेवरचं गंभीर काहीतरी असेल. निघाला मृत्युलेख. आणि तोही विनोदांनी भरलेला.

वन थोंग हा सू शीचा नात्यातला आणि जिवाभावाचा मित्र, वयाने वीसएक वर्षांनी मोठा, सरकारी अधिकारी आणि बांबूचा त्या काळातला सगळ्यात नावाजलेला चित्रकार. बांबू काढायला लागला की आसपास माणसं आहेत हेही त्याला दिसत नसे, असं सू शीनेच एका कवितेत म्हटलंय. सुरुवातीला हा माणूस मागेल त्याला चित्र देत असे. मग लोक रेशमी कापड घेऊन दाराशी येऊन बसायला लागले, रोज, रांगाच. शेवटी वैतागून त्याने ते सगळं रेशीम जमिनीवर आपटलं आणि म्हणाला, याचे मी मोजे शिवणार आहे! ही गोष्ट सगळीकडे झाली. पुढे सू शीची बदली श्यूचौला झाली तेव्हा वन थोंगने पत्र पाठवलं की हल्ली मी लोकांना सांगतो, आमच्या पंथाची शाखा आता श्यूचौला आहे, तिकडे जाऊन मागा, तेव्हा मोज्यांचं कापड आता तुझ्याकडे जमणार बघ.

त्याच पत्रात शेवटी त्याने कवितेत बढाई मारली होती की रेशमाच्या एका पट्टीवर दहा हजार फूट लांब बांबू उतरवीन. सू शी लगेच हिशेब करून कळवतो की दहा हजार फुटांच्या बांबूला अडीचशे तागे रेशीम लागेल, तुला चित्रं काढायचा कंटाळा आलाय हे मला ठाऊक आहे, तुला फक्त रेशीम हवंय. वन थोंग म्हणतो, बाबा चुकलो, जगात इतका लांब बांबू असतो होय? तर सू शी आता उलटा फिरतो, म्हणतो असतो की, चंद्र मावळतीला आला की रिकाम्या अंगणात सावली तेवढी पडते. वन थोंग हसून म्हणतो, बोलण्यात तुला कोण हरवणार, पण अडीचशे तागे खरंच मिळाले तर मी शेत घेईन आणि रिटायर होईन. आणि सोबत एक चित्र पाठवून देतो, त्याच्या आधीच्या नेमणुकीच्या गावाजवळच्या दरीतल्या आडव्या झुकलेल्या बांबूचं, म्हणे हा काही फुटांचाच आहे पण याचा झोक दहा हजार फुटांचा आहे.

अजून एक. त्या दरीवर सू शीने कविता करून पाठवली, तिच्यात थट्टा अशी की हा गरीब आणि खादाड अधिकारी सगळं बांबूचं रान कोंब खाऊन खाऊन पोटात साठवून बसला असणार. पत्र पोचलं त्या दिवशी वन थोंग बायकोला घेऊन त्याच दरीत गेला होता आणि रात्री दोघं कोंबच शिजवून जेवत होते. पत्र उघडलं, वाचलं, आणि हसू फुटून तोंडातला घास टेबलभर उडाला. साडेनऊशे वर्षांपूर्वीचा घास. मला तो दिसतो. मला त्याच्या बायकोचा चेहरापण दिसतो, आता हे पुसणार कोण असा.

आणि मग एकदम दोन ओळींत: वन थोंग 1079च्या सुरुवातीला वारला. त्याला हूचौची नेमणूक मिळाली होती, तिकडे जाताना वाटेतच गेला, पोचलाच नाही. तरी बांबू चितारणाऱ्यांच्या त्याच्या घराण्याला आजही हूचौ घराणं म्हणतात, न पाहिलेल्या नेमणुकीच्या गावावरून. त्याच जागी मग सू शीची बदली झाली. सातव्या महिन्यातल्या सातव्या दिवशी, आपण गाद्यांना ऊन दाखवतो तशी तो घरातली पुस्तकं-चित्रं उन्हात घालत होता, त्यात हे आडव्या बांबूचं चित्र हाताला लागलं आणि तो ते बाजूला टाकून हमसून रडला. लेख तिथेच संपतो जवळजवळ. शेवटी एवढंच की मेलेल्या मित्राबद्दल लिहिताना मी थट्टामस्करी नोंदवून ठेवतोय ती आम्ही किती जवळचे होतो हे कळावं म्हणून.

त्यानंतर तीन आठवड्यांत राजधानीतून शिपाई आले आणि सू शीला पकडून घेऊन गेले, कवितांमधून सरकारच्या धोरणांची टवाळी केली म्हणून. चार महिन्यांवर तुरुंग, मग हद्दपारी. हे लेखात अर्थातच नाही, त्याला माहीतच नव्हतं. पण एकदा कळलं की तो उन्हात पसरलेला पसारा वेगळाच दिसायला लागतो.

तर छातीतला बांबू. लेखाच्या सुरुवातीलाच आहे ते. आधी कोंबाचं वाक्य, मग हे की हल्लीचे लोक पेरावर पेर, पानावर पान रचतात, त्याचा बांबू कसा होईल, बांबू आधी आख्खा छातीत हवा, ब्रश हातात धरून नीट बघत राहायचं, दिसला की झटकन मागे लागायचं, ससा उठावा आणि बहिरी ससाण्याने झडप घालावी तसं, जरा रेंगाळलात की गेला. हे सगळे उद्धृत करतात. कॅलेंडरवरसुद्धा असतं. आणि त्याच्या अगदी पुढचं जे आहे ते कोणी करत नाही. पुढे सू शी म्हणतो, हे मला वन थोंगने शिकवलं, मला ते जमत नाही. असंच का ते मनाला कळतं, पण जमत नाही. आत एक आणि बाहेर एक, मनाचं हात ऐकत नाही, सरावच केला नाही त्याचा दोष.

म्हणजे ज्या माणसाच्या नावावर ही म्हण खपते त्याने लगेच पुढच्या दमात कबुली दिलीय की बांबू छातीत असून भागत नाही! मला हे वाचून इतका आनंद झाला की काय सांगू. कारण माझी तक्रार नेमकी तीच होती. कोंब चिरल्यापासून बांबू मला छान कळत होता, मी बागेत बसून बघितला होता, वाऱ्यात पानं कुठून वळतात, पावसानंतर फांदी कशी जड होते, डोळे मिटले तर दिसायचा. आणि ब्रश टेकला की आंब्याचा टाळा. मला वाटायचं अजून पुरेसा "मनात" उतरला नाही, अजून बघायला हवं. तर सू शी म्हणतो बघणं पुष्कळ झालं, कागद किती काळे केलेस ते सांग.

मी मोजून बघितले. चार महिन्यांत सव्वादोनशे. लाओशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, आठवड्याचे?

वन थोंगचं एक चित्र तैपेईच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, सू शीकडे होतं ते नाही, दुसरं. मोठं आहे, 130 सेंटिमीटरच्या वर उंच. मी खास त्यासाठी दोन बस बदलून गेले, आणि ते लावलेलंच नव्हतं. एवढं जुनं रेशीम उजेडात ठेवत नाहीत, फार थोडे दिवस बाहेर काढतात आणि परत पेटीत. मी खट्टू होऊन दुकानातून छापील प्रत घेतली. पण ती घरी लावल्यावर एक गोष्ट लक्षात आली: हा बांबू ताठ नाहीच. वरून खाली झुकत येतो, चांगलाच खाली, आणि टोकाशी परत वर वळतो. ताठ मानेचा, न वाकणारा, सज्जनांचा बांबू वगैरे जे आपण ऐकतो, त्याचा सगळ्यात मोठा उस्ताद वाकलेला बांबू काढत होता. पुढची पानं काळीभोर, मागची फिकी, आणि तेवढ्यानेच आत खोली आलेली.

त्या सज्जनपणाच्या व्याख्यानांचा मला जरा कंटाळाच आहे. बांबू पोकळ म्हणजे नम्र, हिवाळ्यात हिरवा म्हणजे धीराचा, खरं आहे सगळं, पण बांबू काढणारी माणसं त्याहून फार मजेशीर होती. घरात मांस नसेल तर माणूस वाळतो पण अंगणात बांबू नसेल तर गावंढळ होतो, वाळलेला परत भरतो, गावंढळाला औषध नाही, असं लिहिणारा सू शी, त्याच्याच नावाने आज चीनभर डुकराच्या मांसाची डिश मिळते. आणि चंग पान-छ्याओ (1693–1766) तर माझा लाडका. शान्तुंग प्रांतात अधिकारी असताना रात्री पडल्या पडल्या कचेरीबाहेरच्या बांबूंची सळसळ ऐकून त्याला वाटायचं की हे रयतेचं कण्हणं आहे, तशी कविता त्याने वरच्या साहेबाला चित्रावर लिहून पाठवली. दुष्काळ पडला, वरिष्ठांशी खटकलं, नोकरी गेली, मग यांगचौला येऊन बांबू विकायला बसला. आणि 1759 मध्ये त्याने चक्क रेटकार्ड लावलं: मोठं चित्र सहा ल्यांग चांदी, मधलं चार, छोटं दोन, पंखा अर्धा. खाली टीप की भेटवस्तू आणि खाण्याचे पदार्थ आणू नका, तुम्ही आणाल ते मला आवडेलच असं नाही, रोख चांदी दिलीत की मन प्रसन्न होतं आणि चित्र चांगलं येतं. उधारी नाही. जुनी ओळख काढू नका, म्हातारा झालोय, गप्पा मारायला वेळ नाही.

आता पुण्यात परत येऊन दीड वर्ष झालं. वन थोंगची प्रत हॉलमध्ये आहे, शाईची कांडी संपत आलीय, आणि कागद मी अजूनही वाया घालवते. मागच्या महिन्यात समोरच्या काकू आल्या, भिंतीवरचं बघितलं, म्हणाल्या, "अगं हे तू काढतेस ना? मग आम्हाला दे की एक काढून, सोफ्याच्या मागे लावीन, दोन बाय तीन, आणि ते असं वाकलेलं नको हं, सरळ काढ, वास्तूला बरं."

मी त्यांना पान-छ्याओचं रेटकार्ड सांगितलं. मधल्या आकाराला चार ल्यांग. त्यांनी विचारलं म्हणजे किती, मी म्हटलं साधारण दीडशे ग्रॅम चांदी. काकूंनी तिथल्या तिथे मोबाईलवर भाव बघितला आणि म्हणाल्या, "दीडशे ग्रॅम? अगं त्यात माझ्या दोन्ही नातींची पैंजणं होतील, बांबू कसले घेऊन बसलीस!"

दुसऱ्या दिवशी स्टीलच्या डब्यात बेसनाचे लाडू आले, वर दोन बाय तीनची फ्रेम, काचेसकट. लाडू मी ठेवून घेतले. फ्रेम कोचाच्या मागे उभी आहे.

मोजे शिवता येतील असं तिच्यात काही नाही.